रास समराच्या नाक्यावरचं उत्तर

डिम्पना मुल्वीला खोटं बोलता येत नसे असं नव्हे. गरज पडली की ती सफाईनं बोलायची. दक्षिण लेबनॉनला दुसऱ्यांदा निघाली तेव्हा तिनं आईला ठासून सांगितलं होतं, की या खेपेला छावणीच्या भटारखान्यात काम आहे, बटाटे सोलायचे नि चहा उकळायचा, बंदुकीशी संबंधच नाही. खरं तर ती ट्रक चालवायची. डोंगरात विखुरलेल्या आयरिश चौक्यांना पाणी, डिझेल, पाव आणि घरची पत्रं पोचवणं हे तिचं काम होतं, आणि त्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या बंदुका रोखलेल्या असायच्या. आईला हे उमगत नव्हतं असंही नाही. निघताना तिनं लेकीच्या खिशात जपमाळ कोंबली आणि म्हणाली, “घे, बटाटे सोलताना लागेल.”

मुल्वींचं घर कॅसलरेच्या बाहेर, पाणथळ माळाच्या काठाला. चार गाई, थोड्या मेंढ्या, आणि उन्हाळ्यात जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली सुकी माती, कापायचं. बाप गेला तेव्हा शेत थोरल्या भावाकडे, कोल्मकडे गेलं, तशी रीतच होती. डिम्पनाला शेताचं वाईट वाटलं नाही, ट्रॅक्टरचं वाटलं. वर्षभर दुकानात पीठ-साखर तोलून कंटाळली आणि अ‍ॅथलोनला जाऊन सैन्यात भरती झाली. मूठभर लोकांचं सैन्य ते. त्याला कुणाचा मुलूख जिंकायचा नव्हता. शांतिसेनेतून परक्यांच्या भांडणात मधे उभं राहायचं, गोळ्या थांबवायच्या, जमलंच तर शाळेचं छप्पर नि विहिरीचा पंप दुरुस्त करून द्यायचा. त्या भागात चुलीवरच्या फळीवर पितळी कॉफीचं भांडं नाही असं घर विरळाच, कारण प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी लेबनॉनला जाऊन आलेलं असायचं. काही घरांत भांड्याशेजारी काळी पट्टी लावलेला फोटोही असायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी सप्टेंबरात तिच्या वाटेवरची दोन गावं कोरडी पडली होती. दरीतलं ऐन लूझ आणि समोरच्या टेकडीवरचं रास समरा. झरा एकच, दरीच्या तळाशी. पूर्वी त्याचं पाणी दोन्ही गावांना चढायचं. लढाई सुरू झाल्यावर टेकडी सीमेपलीकडच्या सैन्यानं पोसलेल्या मिलिशियानं, म्हणजे सशस्त्र टोळीनं धरली, दरीत तिच्याविरुद्ध लढणारे राहिले, उतारावर सुरुंग पेरले गेले आणि रास समराचा पाइप मधेच तुटला तो तुटलाच. ऐन लूझचा पंप तेवढा चालत राहिला होता. वसंतात एक तोफगोळा पंपघरावर पडला नि तोही गेला. गोळा कुणाचा, हे दोन्ही बाजूंना माहीत नव्हतं म्हणे.

नवा पंप आयर्लंडहून आला. अ‍ॅथलोनच्या लोकांनी रविवारी चर्चच्या दारात डबे फिरवून तो घेतला होता, नि तुकडीच्या सामानासोबत तो जहाजानं उतरला. बसवायचा दिवस ठरला. कॅप्टन फिन्टन लेसीनं आठवडाभर वायरलेसवर आणि समक्ष जाऊन दोन्ही बाजूंकडून शब्द घेतला, की सकाळपासून दुपारच्या नमाजापर्यंत कुणी गोळी झाडणार नाही. लेसी तरुण होता, डब्लिनचा, चांगल्या शाळेत शिकलेला, चेहऱ्यावर सदा घाई. डिम्पना ट्रक चालवत होती, तो शेजारी बसला होता, मागे पंप नि त्यावर हात ठेवून ऐन लूझचा मिस्त्री उस्ताद समीह. समीहनं वाटेत तीनदा हाक मारून सांगितलं, की खड्डे चुकव, पंप तुझ्या नवऱ्याचा नाही. नवराच नाही, असं डिम्पनानं ओरडून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, कसा असेल, असं चालवतेस तर.

पंपघरापर्यंत सगळं ठीक झालं. ट्रक तिनं टेकडी आणि पंपघर यांच्या मधोमध आडवा लावला, शांतिसेनेची पांढरी बाजू टेकडीवरून दिसेल अशी. समीह खाली घुसला, पाने-हातोडे वाजू लागले. तासभर नुसत्या झाडांवरच्या किड्यांच्या किरकिरीत गेला. मग पहिली गोळी आली.

ती ट्रकच्या पुढे, रस्त्याच्या धुळीत बसली. दुसरी पंपघराच्या भिंतीला. भिंतीचा पोपडा उडून डिम्पनाच्या मानेवर पडला, तेव्हा तिला कळलं की आपण जमिनीवर पालथ्या पडलो आहोत. पडल्याचं तिला आठवेना. लेसी चाकाआड बसून वायरलेसवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता. गोळीबार थांबला. लांबवरचा एक कुत्रा भुंकत राहिला. मग उतारावरून, जिथून कुणी चालत नसे त्या सुरुंगांच्या पट्ट्यातून, तीन माणसं एकामागे एक पावलात पाऊल ठेवत खाली आली. पुढे होता नासिफ.

नासिफला ती ओळखत होती. रास समराच्या नाक्यावरचा तो म्होरक्या. दर आठवड्याला तिचा ट्रक त्याच्या अडसरापाशी थांबायचा. त्याचं तरुणपण समुद्रापार फ्रीटाऊनला काकाच्या कापडाच्या दुकानात गेलं होतं, तिथलं मोडकंतोडकं इंग्रजी तो झोकात बोलायचा. अंजिरं द्यायचा, तिच्याकडून चहाच्या पुड्या घ्यायचा. आयर्लंडात पुरुष संपले का, असं त्यानं एकदा विचारलं होतं. “पुरुष आहेत,” ती म्हणाली होती, “पण त्यांना घाटात गिअर टाकता येत नाही.” त्यावर तो खदखदून हसला होता. आज हसत नव्हता.

“हे पाणी कुणाचं?” त्यानं लेसीला विचारलं.

लेसी उभा राहिला. पाणी सगळ्यांचं आहे, असं त्यानं सांगितलं.

“मग माझी आई गाढवावरून डबक्यातलं पाणी का आणते?”

लेसीनं समजावायला सुरुवात केली. नासिफनं ते ऐकून घेतलं नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुटलेला पाइप जोडा, रास समराला पाणी द्या, मग खालचा पंप खुशाल चालू दे. नाहीतर तुमचा ट्रक वळणाआड गेला की पंप राहणार नाही. होय की नाही, आत्ता सांगा.

डिम्पनानं लेसीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ‘होय’ हा शब्द त्याच्या ओठांवर आलेला तिला स्वच्छ दिसला. त्यात लबाडी नव्हती. तीन माणसं जिवंत न्यायची होती आणि एका शब्दात काम भागत होतं. पण नासिफनं हात वर केला.

“तू नको बोलूस. तू ऑक्टोबरात तुझ्या घरी. मी हिला विचारतो. ही माझ्या नाक्यावरून जाते.” तो तिच्याकडे वळला. “बोल, बहिणी. पाणी मिळणार?”

 नासिफच्या मागचे दोघे तिच्याकडे पाहत होते. त्यांतल्या एकाचं बोट घोड्यावर होतं, आणि ते थरथरत होतं याचीच तिला जास्त भीती वाटली. होय म्हणून टाकावं असं तिच्याही मनात आलं. आईशी ती याहून मोठं खोटं बोलली होती.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी ड्रायव्हर आहे. पाइप टाकायचा की नाही हे जे ठरवतात ते मला ओळखतसुद्धा नाहीत. मी विचारेन. जे उत्तर येईल ते मी स्वतः तुझ्या नाक्यावर येऊन सांगेन.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर नाही सांगायला येईन.”

मागचा माणूस अरबीत काहीतरी पुटपुटला.   तेवढ्यात पंपाखालून समीहचा चिडका आवाज आला, की तो मोठा पाना कुणीतरी आधी इकडे द्या, मग काय एकमेकांना मारायचं ते मारा. नासिफनं खाली पाहिलं. पायाशी पडलेला पाना त्यानंच बुटानं आत सरकवला. मग तो उतार चढू लागला, पावलात पाऊल ठेवत.

दुपारी पंप सुरू झाला. पाणी वर ऐन लूझच्या टाकीत पडलं तेव्हा तिथल्या बायकांचा कल्ला दरीत ऐकू आला.  ट्रकमध्ये लेसी म्हणाला, “होय म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? वेळ तरी मिळाला असता. आता तू स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेतलास.”

“सर, गुरुवारी मला त्याच नाक्यावरून जायचंय,” ती म्हणाली.

लेसीनं मागणी मात्र नीट मांडली, ते त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. नकाशा काढला, पाइपची लांबी मोजून घेतली, वर पाठवली. दोन गुरुवार डिम्पना नाक्यावर थांबली नि “अजून नाही आलं उत्तर” असं सांगून पुढे गेली. नासिफ मान हलवायचा. अंजिरं मिळाली नाहीत. तिसऱ्या आठवड्यात वरून उत्तर आलं. उतारावरचे सुरुंग काढल्याशिवाय पाइपला हात लावता येत नव्हता. सुरुंग काढायला टेकडीमागच्या त्या सैन्यवाल्यांची परवानगी हवी होती, आणि ती त्यांनी नाकारली होती. तर नाही.

त्यानंतर डिम्पनानं जे केलं त्याचा तिला पुढे फार राग येई. तिनं वाट बदलली. नदीच्या बाजूनं एक लांबचा रस्ता होता, चौक्यांना त्यानंही जाता यायचं. इंजिन तापतं, वरचा घाट नको, असं तिनं सांगितलं आणि कुणी विचारलं नाही. घरी जायला थोडेच दिवस उरले होते. पोरं पितळी भांडी घासाघीस करून विकत घेत होती. तीही बाजारात गेली, आईसाठी एक मेजपोस घेतला, आणि दुकानदार तो बांधत असताना तिच्या लक्षात आलं की आपण घरी पोचलो की नासिफसाठी आपण आणखी एक होय म्हणून पळालेला माणूस होणार. होय म्हटलंही नव्हतं, तरी.

ती लेसीकडे गेली नि सांगितलं, की उद्या वरच्या घाटानं जाते.

“मी तुला तिथे पाठवू शकत नाही,” लेसी म्हणाला.

“पाठवू नका, सर. रस्ता तोच आहे एवढंच सांगतेय.”

तो टेबलावरचे कागद उगाच सरळ करत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ट्रकपाशी गेली तर तो शेजारच्या जागेवर आधीच येऊन बसला होता, चिलखती जाकीट चढवून. 

नाक्यावर पिंपं आडवी होती. नासिफ खुर्चीवर बसला होता, बाकीचे चार-पाच जण सावलीत. ट्रक पाहून तो उठला. इतके दिवस ती आली नव्हती, त्यावरून त्यानं ओळखलं असावं, पण चेहऱ्यावर आशा होतीच, आणि तीच बघणं डिम्पनाला अवघड गेलं. ती खाली उतरली. हात अंगापासून लांब, तळवे उघडे.

“उत्तर नाही असं आलंय,” ती म्हणाली. “मी विचारलं. कॅप्टननं नकाशासकट विचारलं. उतारावर सुरुंग आहेत, ते काढायची परवानगी टेकडीमागचे देत नाहीत. तुमच्याच बाजूचे. मला मागच्या आठवड्यातच कळलं होतं. मी घाबरून दुसऱ्या रस्त्यानं जात होते.”

 नासिफनं बंदूक खांद्यावरून काढली नि ट्रकच्या बॉनेटवर आडवी ठेवली. नळी तिच्याकडे नव्हती, पण फारशी दूरही नव्हती.

“मी गावात सांगितलं होतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “आईला सांगितलं होतं. आयरिश पोरीनं शब्द दिलाय, पाणी येणार.”

“मी तसा शब्द दिला नव्हता.”

“मला माहितेय तू काय म्हणालीस. पण मी त्यांना काय सांगू, एक बाई म्हणाली, मला माहीत नाही?”

सावलीतले उठून जवळ आले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ‘नाही’ समजायला भाषा लागत नाही. एकानं लेसीच्या बाजूचं दार उघडून त्याला दंडाला धरून खाली ओढलं. दुसरा, तो पंपघरावरचा थरथरत्या बोटाचा, डिम्पनाच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याच्या घामाचा नि तंबाखूचा वास तिला येत होता. त्यांच्यात नि नासिफमध्ये जोरात बोलणं सुरू झालं. रहीना, म्हणजे ओलीस, हा शब्द तिनं ऐकला. आपल्या अ‍ॅथलोनच्या छावणीतल्या दोन पोरांना पूर्वी असंच धरून नेऊन मारलं होतं, ते तिला ठाऊक होतं. त्यांच्या आया तिच्या आईसोबत चर्चमध्ये मिस्साला बसायच्या. तिनं नजर रस्त्यावरच्या एका खड्याकडे लावून ठेवली आणि हलली नाही. खिशात हात घालावा, जपमाळ चाचपावी असं फार वाटलं, पण खिशाकडे गेलेल्या हाताचा कुणी भलताच अर्थ घेतला असता.

अखेर नासिफनं हात वर केला. बाकीचे गप्प झाले, पण मागे सरले नाहीत.

“किल्ली,” तो म्हणाला.

लेसीनं हरकत घेतली. हे वाहन शांतिसेनेचं आहे, याचे परिणाम होतील, वगैरे. नासिफनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. डिम्पनाला कळलं. गावाला त्याला काहीतरी दाखवायलाच हवं होतं. ट्रक नाहीतर माणसं, यांतलं एक. तिनं किल्ली बॉनेटवर, बंदुकीशेजारी ठेवली.

“चालत जा,” नासिफ म्हणाला. आणि ती वळल्यावर, मागून, आधीपेक्षाही हलक्या आवाजात, “रस्त्याच्या मधून. कडेनं नको.”

लेसीचं पाऊल कडेच्या गवताकडे पडत होतं. डिम्पनानं त्याला बाहीला धरून मधे ओढलं.

पहिल्या वळणापर्यंतची ती वाट तिच्या आयुष्यातली सर्वांत लांब वाट होती. पाठीवर ऊन होतं आणि उन्हासारखीच बंदुकांची जाणीव. मागे ट्रकचं इंजिन सुरू झालं, कुणीतरी चुकीचा गिअर घातला, इंजिन किंचाळून बंद पडलं. लेसी कुजबुजला, “पळायचं का?” ती नाही म्हणाली. पळणाऱ्यावर गोळी झाडायचा मोह होतो, हे तिला शिकवलेलं होतं.  लेसी चालता चालता काहीतरी पुटपुटत होता. नीट ऐकल्यावर तिला समजलं, की तो लहानपणी शाळेत पाठ केलेले पाढे म्हणतोय. तिनं पुढचा पाढा सुरू केला. सैन्यात गोळी चालवायला शिकवतात, पण असं चालायला कुणी शिकवत नाही. वळण आलं, मागचा नाका दिसेनासा झाला, आणि लेसी रस्त्याच्या मधोमध खाली बसला नि ओकला. ती त्याच्यासमोर उभी राहिली, वरून कुणी पाहिलं तर कॅप्टन दिसू नये म्हणून. संध्याकाळी ते खालच्या आयरिश चौकीला पोचले. पहाऱ्यावरच्या कॉर्कच्या शिपायानं गाडी कुठंय असं विचारलं. “दिली,” डिम्पना म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना, नि मग रडू.

चौकशी झाली. वाहन शत्रू नसलेल्या पण मित्रही नसलेल्या माणसाला स्वहस्ते दिल्याबद्दल. लेसीनं सांगितलं की आपण हुकूम दिला होता. डिम्पनानं सांगितलं की हुकूम नव्हता, निर्णय आपला होता. दोघांनी एकाच गुन्ह्यावर हक्क सांगितल्यानं चौकशीचे अधिकारी वैतागले, आणि कुणालाच नोकरीवरून न काढता फक्त ताकीद दिली. तिची सार्जंटची पट्टी मात्र पुढे बरीच वर्षं अडली. ट्रक परत मिळाला नाही. पंपघरावर त्या हिवाळ्यात गोळी पडली नाही, पुढच्या उन्हाळ्यातही नाही. ते नासिफमुळे की दुसऱ्या कशामुळे, कुणालाच सांगता आलं नाही. कॅसलरेला पोचल्यावर आईनं तिला जवळ घेतलं नाही. सगळं तिला आधीच कळलं होतं, रविवारी चर्चच्या दारात. तिनं लेकीपुढे बटाट्यांची टोपली ठेवली नि म्हणाली, “सोलून दाखव पाहू, सहा महिन्यांत काय शिकलीस ते.”

काही वर्षांनी डिम्पना पुन्हा लेबनॉनला गेली तेव्हा टेकडीवरच्या चौक्या रिकाम्या झाल्या होत्या. मिलिशिया मोडली होती, तिच्यातले निम्मे सीमेपलीकडे पळाले होते, आयरिश तुकडीही आता कायमची निघणार होती. रास समराच्या नाक्यावर गंजलेलं एक पिंप तेवढं उरलं होतं. उतारावर लाल-पांढऱ्या फिती बांधून दुसऱ्याच कुठल्या लहान देशाची माणसं सुरुंग काढत होती, आणि पाइप अर्ध्यापर्यंत चढला होता.

तिनं गावात नासिफच्या आईचं घर विचारलं. म्हातारी अंगणात तंबाखूची पानं दोऱ्यात ओवत बसली होती. सोबतच्या दुभाष्यानं डिम्पना कोण ते सांगितलं. पंप, पाइप, ट्रक, सगळं. म्हातारीला काही आठवलं नाही. आयरिश पुष्कळ आले-गेले, म्हणाली. मग तिनं विचारलं, तुमच्या देशात माझा मुलगा दिसला का, परदेशी गेलाय, उंच आहे, फ्रीटाऊनचं इंग्रजी बोलतो.

डिम्पनानं सांगितलं, की नाही दिसला. दिसेल का, तेही सांगता येत नाही. दुभाष्या जरा घुटमळला, पण त्यानं तसंच्या तसं सांगितलं. म्हातारीनं मान डोलावली, शेजारचं स्टूल ओढलं आणि तिच्या हातात सुई नि पानांचा जुडगा दिला. खाली रस्त्यावर ड्रायव्हर तिची वाट पाहत होता. डिम्पना बसली. पहिलं पान तिनं फाडलं. म्हातारीनं तिच्या हातातून सुई घेतली, देठ कुठे टोचायचा ते दाखवलं नि सुई परत दिली.